तोफेचा धक्का मऊ गादीने जात नाही

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नौदलाच्या तोफांवरचा लेख वाचला. फोटो छान होता, माहितीही बरीच होती, पण त्यात एक वाक्य आलं की तोफेखालचे शॉक अब्सॉर्बर सगळा धक्का शोषून घेतात आणि जहाजाला काही कळतच नाही. हे वाक्य चुकीचं आहे आणि त्याचा परिणाम माझ्या घरात दोन दिवसांत दिसला म्हणून हे पत्र लिहितोय. आमच्या शेजारचा मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, तो तुमचं कात्रण घेऊन आला, म्हणाला काका मी प्रोजेक्टला हाच विषय घेतोय, जलद मारा करणाऱ्या तोफेचा माउंट, म्हणजे तोफ ज्यावर बसते तो सांगाडा, आणि खाली एकदम मऊ स्प्रिंग टाकणार, जितकं मऊ तितका धक्का कमी, बरोबर ना? मी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि दोन तास आम्ही कागद घेऊन बसलो. ते दोन तास इथे थोडक्यात मांडतो, कारण त्याच्यासारखी कितीतरी मुलं तुमचा पेपर वाचतात.

मी बत्तीस वर्षं भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक सिलिंडर आणि प्रेसच्या कामात काढली. तोफ बनवली नाही, पण पिस्टन, तेल, सील, होनिंग, हार्ड क्रोम यातच आयुष्य गेलं आणि तोफेच्या रिकॉइल ब्रेकमध्ये, म्हणजे बार उडाल्यावर मागे धावणाऱ्या बॅरलला थांबवणाऱ्या सिलिंडरमध्ये, याच वस्तू असतात.

आधी विटा झेलणारा गडी डोळ्यासमोर आणा. खालून एक जण वीट फेकतो, वरचा झेलतो. नवा गडी हात ताठ ठेवतो आणि तळहात सोलून घेतो. जुना गडी वीट हातात आली की हात मागे नेत नेत थांबवतो. विटेचा जोर दोघांनाही तेवढाच घ्यावा लागतो, त्यातला एक कणही कुठे गायब होत नाही, फक्त जुना गडी तो जास्त वेळात पसरवतो. आता खालच्याने वेग वाढवला, अर्ध्या सेकंदाला एक वीट. तर हात मागे नेऊन भागत नाही, पुढची वीट यायच्या आत तो पुन्हा जागेवर आणावा लागतो. हात फार मागे नेला तर परत यायला वेळच उरत नाही आणि दुसरी वीट छातीवर बसते. जलद तोफेच्या माउंटचं सगळं डिझाईन या एका अडचणीभोवती फिरतं.

आता खरी तोफ घ्या. आपल्या नौदलाच्या बऱ्याच जहाजांवर पुढच्या डेकवर गोल टोपीसारख्या कवचातली जी ७६ मिलिमीटरची तोफ दिसते ती मूळ इटलीच्या ओटो मेलारा कंपनीची, आपल्याकडे हरिद्वारच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यात बनते, तिला सुपर रॅपिड गन माउंट म्हणतात. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या शिवालिक, विशाखापट्टणम, मोरमुगाव, निलगिरी या नौकांवर ती आहे, गोव्यात बांधलेल्या सरयू वर्गातल्या गस्ती जहाजांवरही आहे. मिनिटाला १२० गोळे, म्हणजे बरोबर अर्ध्या सेकंदाला एक. गोळा साधारण ६ किलोचा आणि तोंडातून बाहेर पडताना सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेग. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भेलशी अशा १६ सुधारित तोफांचा २९५६.८९ कोटींचा करार केला, त्या आकड्याच्या बातम्या सगळीकडे आल्या, पण ती तोफ सुटते तेव्हा खालच्या डेकवर काय येतं हे कुणीच लिहिलं नाही.

ते आम्ही काढून बघितलं. ६ गुणिले ९०० म्हणजे ५४००, हा गोळ्याचा संवेग, वजन गुणिले वेग. त्यामागून जळालेल्या दारूचा वायू गोळ्याहूनही जास्त वेगाने बाहेर पडतो, तोही मागे रेटतो, तो धरून एकूण ८००० न्यूटन-सेकंद पकडू. (सोपा हिशेब म्हणून गोल आकडे घेतोय, कारखान्याच्या ड्रॉइंगमधले नाहीत.) बॅरल घट्ट बोल्ट करून टाकली तर हा सगळा संवेग साधारण एक शतांश सेकंदात डेकवर येतो, म्हणजे सरासरीच ८० टनांच्या घरात आणि त्यातला सगळ्यात वरचा ठोका त्याहूनही बराच मोठा. अर्ध्या सेकंदाला एकदा. असला मार कुठलं डेक फार काळ खाणार नाही.

म्हणून बॅरलला मागे सरकू द्यायचं. मागे सरकणारा भाग १००० किलोचा धरा, तर तो सेकंदाला ८ मीटर वेगाने मागे सुटतो आणि त्यात ३२ किलोज्यूल ऊर्जा असते. ३५ सेंटिमीटरमध्ये थांबवला तर बळ लागतं ९१ किलोन्यूटन, म्हणजे सव्वानऊ टन. ऐंशीचे सव्वानऊ झाले, आणि थांबायला एक दशांश सेकंदही लागला नाही, बाकीचे चार दशांश सेकंद परत यायला आणि पुढचा गोळा भरायला मोकळे.

इथे पोरगा म्हणाला, मग काका एक मीटर जाऊ द्या ना, बळ अजून कमी होईल. होतं ना, सव्वातीन टनांवर येतं. पण थांबायलाच पाव सेकंद जातो. उरलेल्या पाव सेकंदात १००० किलोची बॅरल एक मीटर पुढे आणायची म्हणजे सरासरी ४ मीटर वेग, शेवटी तिला पुन्हा थांबवायचं, म्हणजे पुढच्या बाजूला नवा धक्का, आणि गोळा कधी भरणार? मिनिटाला १२० विसरा, १२० ची तोफ ६० वर आली. तो गप्प झाला आणि कागदावर पुन्हा भागाकार करायला लागला, मला फार बरं वाटलं.

आणि याच्याही खाली एक तळ आहे तो तर कुठल्याच स्प्रिंगने ओलांडता येत नाही. अर्ध्या सेकंदाला ८००० म्हणजे सेकंदाला १६०००, म्हणजे सलग फायर चालू असताना डेकवर सरासरी १६ किलोन्यूटन, एक टन सहाशे किलोचा रेटा राहणारच. जगातला सगळ्यात हुशार माणूस माउंटच्या डिझाईनला आणून बसवला तरी तो एक टन सहाशेचा एक टन पाचशे करू शकत नाही, कारण तेवढा संवेग गोळ्याबरोबर आणि वायूबरोबर समोर गेलाय. माउंटचं डिझाईन करणाऱ्याच्या हातात फक्त एवढंच असतं की वरचे सुळके किती कापायचे. म्हणून म्हणतो, शोषणं हा शब्द ऊर्जेला लावा, ती तेलात उष्णता होऊन जाते, संवेगाला लावू नका.

एके-६३० घ्या, रशियन बनावटीची ३० मिमीची सहा नळ्यांची तोफ, आपल्या युद्धनौकांवर मिसाईल अडवायला असते, मिनिटाला चार ते पाच हजार. तिथे दोन गोळ्यांच्या मध्ये बॅरल मागे जाऊन पुढे यायला वेळच नाही, सेकंदाला सत्तरऐंशी ठोके एकमेकांत मिसळून सलग दाब होतो. ३९० ग्रॅमचा गोळा, ८८० मीटर वेग, सेकंदाला ७५ पकडा, नुसत्या गोळ्यांचाच रेटा अडीच टनांच्या पुढे जातो, वायूचा वेगळा. इथे शॉकअप काही वाचवत नाही, सरळ खालचा पाया भक्कम लागतो.

आता रिकॉइल ब्रेक आत कसा असतो ते जरा जवळून सांगतो कारण मला यात सगळ्यात जास्त रस आहे. सिलिंडरमध्ये तेल, त्यात पिस्टन, पिस्टनमध्ये छोटं भोक. बॅरल मागे गेली की तेल त्या भोकातून जोरात पलीकडे जातं आणि अडवतं. पण भोकाचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर बळ चौपट. भोक एकाच मापाचं ठेवलं तर सुरुवातीला वेग जास्त असताना बळ भयंकर आणि शेवटी वेग कमी झाल्यावर जवळपास काहीच नाही, म्हणजे अर्धा स्ट्रोक (पिस्टनचं सरकण्याचं अंतर) फुकट. बळ सगळीकडे सारखं हवं असेल तर भोक स्ट्रोकबरोबर लहान होत गेलं पाहिजे, आणि किती लहान याचा हिशेब इतका देखणा आहे की मी पहिल्यांदा कागदावर काढला तेव्हा बायकोला बोलावून दाखवला होता. बळ सारखं असेल तर वेगाचा वर्ग अंतराबरोबर सरळ रेषेत कमी होतो, म्हणून भोकाचं क्षेत्रफळ उरलेल्या अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे. तीन चतुर्थांश स्ट्रोक संपला की भोक बरोबर निम्मं. हे साधायला भोकातून एक निमुळता रॉड जातो, पिस्टन सरकतो तशी रॉडची जाडी वाढत जाते आणि तेलाला वाट अरुंद होत जाते. काही ठिकाणी सिलिंडरच्या आतल्या भिंतीत खाचा असतात, त्यांची खोली कमी होत जाते. तो रॉड लेथवर काढणाऱ्या माणसाच्या हाताचं कसब म्हणजे बळाचा आलेख. आमच्या भोसरीत असे टर्नर आहेत जे अर्ध्या मिमीचा निमुळतेपणा बोटाने सांगतात.

तेल तापतं हाही मोठा भाग आहे. एका बाराला ३२ किलोज्यूल आणि सेकंदाला दोन बार म्हणजे ६४ किलोवॅट. आपल्या घरात दोन किलोवॅटचा गिझर असतो, तसे ३२ गिझर एकाच वेळी चालू, आणि ती सगळी उष्णता हातभर सिलिंडरांत. तापलं की तेल फुगतं, फुगलेल्या तेलाला जागा ठेवली नाही तर बॅरल पूर्ण पुढे येतच नाही, मग गोळा भरायचं टायमिंग बिघडतं. म्हणून जास्तीच्या तेलाला सामावणारी छोटी टाकी जोडलेली असते. आणि भोकाची कडा धारदार ठेवतात, लांब नळीसारखी नाही, कारण धारदार कडेच्या भोकात तेल पातळ झाल्याचा फरक फार कमी पडतो. या गोष्टी दिसायला बारीक, पण पहिला गोळा आणि साठावा गोळा सारखा जायचा असेल तर सगळा खेळ इथेच आहे.

परत पुढे ढकलायला एकतर जाड स्प्रिंग किंवा दाबलेला वायू. वायूचं सील हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर वेगळं पत्र होईल.

आता त्या मऊ स्प्रिंगकडे परत येतो, कारण माझा जीव तिथे जास्त तुटतो. ही चूक मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीय. वीसेक वर्षांपूर्वी एका शेडमध्ये मिनिटाला २४० ठोक्यांची प्रेस बसवली. शेजारच्या मोजमाप खोलीत कंप जातो म्हणून मालकांनी कुणाच्या तरी सल्ल्याने खाली मऊ स्प्रिंग टाकल्या. प्रेस ठेवली की स्प्रिंग १५ मिमी दबत होत्या, हे मी स्केल लावून मोजलं. पहिले दोन दिवस ऑपरेटर हळू चालवत होता, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी पूर्ण वेगाला नेली आणि ती प्रेस डोलायला लागली, आधी बोटभर, मग वीतभर, हवेची पाइप तुटली, ऑपरेटर उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. कारण साधं आहे. १५ मिमी दबणाऱ्या स्प्रिंगवरच्या वजनाची स्वतःची चाल सेकंदाला चार हेलकाव्यांची असते, आणि २४० ठोके म्हणजे सेकंदाला चारच. झोपाळा जसा नेमक्या वेळी ढकलला की वाढत जातो तसं झालं. त्या दिवशी त्या ऑपरेटरचे थरथरणारे हात मला अजून आठवतात. नंतर प्रेस एका जड काँक्रीट ब्लॉकला बोल्ट केली, ब्लॉकखाली दुसऱ्या स्प्रिंग आणि बाजूला तेलाचे डॅम्पर टाकले तेव्हा ती शांत झाली.

तोफ सेकंदाला दोनदा सुटते, पण ठोका धारदार असल्यामुळे त्यात चार, सहा, आठच्या चालीही असतात. माउंट, त्याखालची रिंग, डेकचा पत्रा आणि त्याखालचे आडवे उभे बीम, हे सगळं मिळून एक मोठी स्प्रिंगच आहे. तिची चाल यातल्या कुठल्याही आकड्याजवळ आली तर प्रत्येक बाराला बॅरलचं तोंड जास्त हलतं आणि गोळा भलतीकडे जातो. तोंड एक मीटर लांबीला फक्त एक मिलिमीटर तिरकं असलं तरी ४ किलोमीटरवर गोळा ४ मीटर बाजूला पडतो, म्हणजे अंगावर येणारं मिसाईल निसटलंच. म्हणून तोफेखाली मऊ गादी घालत नाहीत, उलट तिथलं डेक खास जाड आणि कडक करतात, आणि जे काय सरकायचं ते फक्त बॅरलने, सरळ रेषेत, मोजून सरकायचं.

सरळ रेषेवरून आठवलं, दोन ब्रेक सिलिंडर बॅरलच्या दोन बाजूंना समोरासमोर का घालतात हे त्या पोराला समजावलं. सव्वानऊ टनांची ओढ बॅरलच्या मध्यरेषेपासून नुसती ५ सेंटिमीटर बाजूला बसली तरी मीटरभर दांड्याच्या टोकाला साडेचारशे किलो लटकवल्यासारखा पीळ बसतो, अर्ध्या सेकंदाला एकदा. एका बाजूच्या सिलिंडरचं सील जरा गळलं की हाच पीळ सुरू. सील किटमध्ये पैसे वाचवू नयेत ते यासाठी.

मग १२० च्या पुढे जायचंच नाही का, असं त्याने विचारलं. जायचं, पण युक्ती वेगळी. बॅरल पुढे धावत येत असतानाच बार काढायचा. पुढे ४ मीटर वेगाने येतेय, बाराने ८ चा बदल केला, म्हणजे मागे ४ नेच गेली. वेग निम्मा तर ऊर्जा चौथाई, ३२ चे ८ किलोज्यूल, आणि त्याच ३५ सेंटिमीटरमध्ये सव्वानऊ टनांचे सव्वादोन. त्या एक टन सहाशेच्या तळाच्या किती जवळ आलं बघा. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर हजारोंनी लावलेल्या २० मिमी ऑर्लिकॉनमध्ये हेच तत्त्व बोल्टला, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या मागच्या भागाला, लावलं होतं, जड बोल्ट पुढे जात असतानाच काडतूस पेटायचं, म्हणून मिनिटाला ४५० चा वेग असूनही तिला हलका स्टँड पुरायचा, खलाशी खांदे लावून फिरवायचा. पण काडतूस पेटलंच नाही तर? पुढे धावणारं वजन थांबवायला समोर काही नाही, म्हणून पुढच्या बाजूला वेगळा बफर लागतो. मोठ्या कॅलिबरला, म्हणजे रुंद नळीच्या तोफेला, ही जोखीम घेणं सोपं नाही, माझं मत विचाराल तर आपल्या मुलांनी काम करावं असा प्रश्न हाच आहे.

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता कारण घाई नव्हती. लाकडी जहाजांवर तोफ चाकांच्या गाड्यावर, बार उडाला की अख्खा गाडा मागे धावायचा आणि जाड दोरखंडाने थांबायचा, तोंड आत आलेलं असायचं म्हणून तिथेच भरायचे आणि मग माणसं ओढून पुन्हा बाहेर न्यायची. आंग्र्यांच्या गुराबांवर, म्हणजे त्यांच्या लढाऊ जहाजांवर, नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाकडे) तोंड केलेल्या तोफा असत त्यांचीही गत हीच, धक्का शेवटी दोरात आणि जहाजाच्या लाकडात. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये जोसाया व्हॅव्हॅस्यूर यांनी उतरत्या स्लाइडवर तोफ आणि हायड्रॉलिक सिलिंडर अशी जोडणी आणली, तोफ चढावर मागे जायची आणि आपल्याच वजनाने खाली जागेवर यायची. तिथून पुढे जहाजावर भरभर मारा शक्य झाला. जमिनीवर फ्रान्सच्या १८९७ सालच्या ७५ मिमी तोफेने मीटरभराहून लांब रिकॉइल दिला, कारण तिथे गाडा हलका होता आणि मिनिटाला पंधराएक बार पुरे होते. तेच मीटरभर अंतर आज १२० च्या तोफेला परवडत नाही, हे वरच्या हिशेबात आलंच.

संपादक साहेब, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. एक, त्या वाक्याची दुरुस्ती छापा, दोन ओळी चालतील, पण रविवारीच छापा म्हणजे ज्यांनी लेख वाचला त्यांच्याच नजरेला येईल. दुसरी, पुढच्या वेळी कुठल्याही तोफेची बातमी आली की गोळे किती आणि कोटी किती याबरोबर बॅरल किती मागे जाते आणि डेकवर किती टन येतात एवढे दोन आकडे विचारा. जे गुपित असेल ते कुणी सांगणार नाही, पण जे सांगण्यासारखं आहे ते तरी छापून येईल.

त्या मुलाने प्रोजेक्ट बदललाय. आता तो माझ्या जुन्या सिलिंडरवर निमुळता रॉड बसवतोय, वरून ४० किलोचं वजन सोडून बळाचा आलेख काढणार आहे. परवा पहिली चाचणी घेतली, शेवटच्या दोन सेंटिमीटरला बळ एकदम वर गेलं, रॉड तिथे जास्त जाड झालाय, शनिवारी पुन्हा लेथवर घेणार आहोत.

आपला,
एक जुना वाचक
निगडी, पुणे